बादलीबद्दल एक शब्द नाही

३ तारीख, सोमवार

ही वही कॉलेजात प्रयोग लिहायला घेतली होती. प्राध्यापकाने भर वर्गात मला नक्कलखोर म्हटलं, म्हणून मी कॉलेज सोडलं. असा अपमान मी कुणाचा सहन करत नाही. वहीची लिहिलेली पानं आज फाडून टाकली, कारण ती शेजाऱ्याची बघून उतरवलेली होती. इथून पुढे जे असेल ते माझं.

आमचा कंटेनर कस्टमने अडवला. आमचा कसला, माझा.

मामाचं साफसफाईच्या सामानाचं दुकान आहे. झाडू, ब्रश, मॉप, काचा पुसायचे रबरी वायपर. मॉप तो परदेशातून मागवतो, तोही असा की दांडे एका खोक्यात आणि पुसायचे सुती झुपके दुसऱ्या खोक्यात, जसे काही भांडलेत एकमेकांशी. मी दुकानात आलो आणि महिन्याभराने म्हटलं, मामा, हे काय दळिद्री काम. एक देखणा डबा हवा. त्यात दांडा, झुपका आणि पायाने दाबून पिळायची फिरकीची बादली. डबा उघडा, फरशी पुसा.

मामा म्हणाला, "हॉस्पिटलने फक्त दांडे आणि झुपके मागितलेत."

मी म्हणालो, "हॉस्पिटलला कळत नाही त्यांना काय हवंय ते."

इतका मागे लागलो की शेवटी तो हो म्हणाला. डब्यावरचं चित्र मी करून घेतलं. रंगही मीच ठरवला. तो रंग का, ते पुढे.

आणि आता कस्टममधली कोण एक बाई म्हणते, हा मॉप नाही, ही बादली आहे. सरकारच्या दरपुस्तकात झाडू, ब्रश, मॉप एका जागी. त्यांना शुल्क कमी. प्लास्टिकच्या घरगुती वस्तू दुसऱ्या जागी. त्यांना कंबरडं मोडणारं. ज्या सरकारला मॉप आणि बादली यांतला फरक कळत नाही, त्याने देश सोडा, न्हाणीघरसुद्धा चालवू नये.

हॉस्पिटलला महिनाअखेर माल पोचवायचाय. नाही पोचला तर कंत्राट कोपऱ्यावरच्या मिशाळ व्यापाऱ्याकडे जाईल, आणि मामाचं दुकान उभं आहे ते त्या कंत्राटावर. ते जास्तीचं शुल्क भरून माल सोडवायची मामाची ऐपत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. जेवताना मामीने दुकानाच्या भाड्याचा विषय काढला आणि मामा बराच वेळ पाणी पीत राहिला, पेला रिकामा झाला तरी.

४ तारीख, मंगळवार

कस्टममधून माल सोडवून देणारा आमचा एजंट इतका हळू बोलतो की मी त्याचं नाव कुजबुजे ठेवलंय. त्याच्यासमोर बसलं की आपलाही आवाज बसतो. आज मी बसू दिला नाही.

कुजबुज्यांनी समजावलं ते असं. विकायच्या डब्यात दोन-तीन वस्तू एकत्र आल्या की त्यांना दरपुस्तकात एकच जागा मिळते. त्यातली मुख्य वस्तू कुठली ते बघायचं आणि तिची जागा सगळ्यांना द्यायची. बाईंचं म्हणणं, वजन बादलीचं, किंमत बादलीची, चित्रातसुद्धा बादलीच मोठी.

"वेगवेगळं आणलं असतं तर?" मामाने विचारलं.

कुजबुज्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "तर हा प्रश्नच आला नसता."

हा माणूस पैसे आमचे घेतो आणि बाजू त्या बाईची. मी उभा राहिलो. म्हणालो, "लग्नाच्या फोटोत नवरदेवापेक्षा सोफा मोठा दिसतो. म्हणून लग्न सोफ्याशी लागलं का?"

मामा म्हणाला, "खाली बस." पण कोपऱ्यातल्या टेबलावरून हसू आलं. ती हसली. फायलीने तोंड झाकून. लाजली.

ती म्हणजे कुजबुज्यांच्या ऑफिसात संगणकावर नोंदी भरते ती. एजंटच्या परवान्याची परीक्षाही देतेय. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने फिकट पोपटी स्वेटर घातला होता. आमच्या डब्याचा रंग फिकट पोपटी आहे. जास्त लिहायची गरज नाही.

६ तारीख, गुरुवार

कस्टमच्या यार्डात तपासणी झाली. बाई आल्या. चष्मा दोरीला बांधलेला, पायात पुरुषी बूट. त्यांनी एक डबा उघडला, बादली काढली, उलटी केली, काट्यावर ठेवली. मग दांडा. मग झुपका, तोही दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा.

मी म्हणालो, "मॅडम, किराणा दुकान आहे का हे, वजनावर ठरवायला?"

"आपण कोण?"

"मालक."

"भाचा," मामा म्हणाला.

बाई म्हणाल्या, "माल जसा माझ्यासमोर येतो, तसा मी बघते. तुम्ही घरी नेऊन त्याचं काय करता ते तुमचं तुम्ही." आणि सगळं होतं तसं डब्यात परत ठेवलं, झुपक्याचे धागे विंचरल्यासारखे सरळ करून. त्यातसुद्धा खिजवणंच होतं, दुसरं काय.

परत येताना मामा बसमध्ये एकदाच बोलला. "डबा उघडायला सोपा केलायस. छान उघडतो." एवढं सगळं झालं आणि या माणसाला डबा उघडण्याचं कौतुक. याला राग कसा येत नाही, हे मला कळत नाही. आमच्या घराण्यातला सगळा राग आईच्या वाटेने माझ्याकडे आलेला दिसतो.

७ तारीख, शुक्रवार

मंत्र्यांना पत्र लिहिलं. मामीने वाचून सांगितलं की 'निर्लज्ज' हा शब्द फार वेळा आलाय, एखादा 'बेजबाबदार' घाल, बदल म्हणून. मग मामाने वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, "टाकतो." पेटीत टाकतो म्हणाला की आणखी कुठे, ते विचारायचं राहिलं.

१० तारीख, सोमवार

बाईंपुढे रीतसर सुनावणी मिळाली. कुजबुजे म्हणतात, निकाल अजून लागलेला नाही, मुद्दा नीट मांडला तर आशा आहे. तो मुद्दा तिने तयार केलाय. मला शेजारच्या खुर्चीत बसवून समजावला. मी निम्मा ऐकला. उरलेला वेळ तिच्या पेनाच्या टोपणावरचे दातांचे ठसे बघत होतो.

मुद्दा असा की फरशी मॉप पुसतो. बादली नसली तरी मॉप नळाखाली ओला होतो, हाताने पिळता येतो. बादली फक्त मदतनीस. तेव्हा मुख्य वस्तू मॉप.

"तुम्ही तिथे यायलाच हवं असं नाही," ती म्हणाली.

"मी येणार."

"मग एक लक्षात ठेवा. बादलीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बादली आहे हेच विसरून जा."

माझी किती काळजी. मी भांडून बसेन, अडचणीत येईन, म्हणून. मी म्हणालो, "तुमच्यासाठी एवढं करीन." तिने पेनाचं टोपण तोंडात घातलं आणि कुजबुज्यांकडे बघितलं.

संध्याकाळी तिला न्यायला एक उंच माणूस आला, हातात दोन हेल्मेटं. भाऊ असणार. निघताना त्याने तिच्या कॉलरवरचा दोरा काढला. चांगला भाऊ आहे. मला बहीण असती तर मीही काढला असता.

१४ तारीख, शुक्रवार

आज मी त्या बाईचं तोंड बंद केलं. सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, सहा खुर्च्या, कोपऱ्यात वाळलेलं झाड आणि फरशीवर शाईचा जुना डाग. आमचा एक डबा टेबलावर उघडून ठेवलेला. आधी कुजबुजे बोलले. काय बोलले ते त्यांना आणि त्यांच्या टायला माहीत. बाईंनी दोनदा "जरा मोठ्याने" म्हटलं. मग ती बोलायला उभी राहिली. काय बोलली ती! आवाज शांत, एकही शब्द वाया नाही. शेवटी विचारलं, "मॉप नसेल तर हा डबा कोण विकत घेईल, मॅडम?" बाई मान हलवत होत्या. मामाने टेबलाखाली माझा गुडघा दाबला. खुशीत आला की तो असं करतो.

मग बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे बादलीला तसं काही महत्त्व नाही. हिच्याऐवजी कुठलीही साधी बादली चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

"चालेल," मामा म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि मालक? तुमचं काय म्हणणं?"

साधी बादली. या बादलीसाठी मी त्या परदेशी कारखान्याशी किती भांडलो. पायपट्टी तीनदा बदलून घेतली. आतली जाळी अशी की धागा अडकत नाही. आणि समोर बसलेली ही बाई, जिने जन्मात कधी फरशी पुसली नसेल, म्हणते साधी बादली.

मी म्हणालो, "मॅडम, पाणी मागवा."

शिपायाने पाणी आणलं. मी तो शाईचा डाग ओला केला, झुपका बुडवला, पाय मारला. फिर्रर्र. झुपका असा कोरडा, जसा दोरीवर दिवसभर वाळलाय. डाग निम्मा गेला. म्हणालो, "वाकायला नको, हात भिजायला नको. ही करामत कुणाची? झुपका काय, कुठलाही लावा. काठीला जुना बनियन बांधा, तरी ही बादली पिळून देईल. लोक मॉपसाठी नाही, हिच्यासाठी डबा घेतील."

"झुपका कुठलाही चालेल?"

"कुठलाही."

बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "आभारी आहे. इतकं स्पष्ट माझ्यासमोर कुणी बोलत नाही."

यालाच म्हणतात बाजी पलटवणं. मामा पुसलेल्या फरशीकडे बघत होता. कुजबुजे आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. म्हणाले, "चला." आणि ती लिफ्टमध्ये पाठ करून उभी राहिली. तिला भरून आलं असावं.

१८ तारीख, मंगळवार

निकाल आला. बादली.

कारण काय दिलंय, तर 'आयातदाराच्या प्रतिनिधीने प्रात्यक्षिकासह स्पष्ट केल्याप्रमाणे.' तो प्रतिनिधी मी. माझीच जीभ, माझाच पाय, आणि फास मामाच्या गळ्याला. हा न्याय नाही, ही पाकीटमारी आहे. माणूस खरं बोलला तर ते त्याच्याच अंगावर फेकायचं? मग शाळेत 'नेहमी खरे बोलावे' कशाला शिकवता? पहिल्याच धड्यात 'बादलीबद्दल बोलू नये' असं शिकवा.

तडक कुजबुज्यांच्या ऑफिसात गेलो. कुजबुजे नव्हते. ती होती. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, आपण वर जाऊ, त्याच्याही वर जाऊ, या बाईला—

"अरे, गप्प बस तू," ती म्हणाली.

आजवर तुम्ही, आज तू. मी टेबलावरचा हात काढून घेतला.

"तुला एकच काम सांगितलं होतं. तेही न करायचं. लोकांना कामं करायला जमत नाहीत, तुला न करायलासुद्धा जमलं नाही. सुनावणी आपण जिंकत आलो होतो. बाई विचारत होत्या ते आपल्याच बाजूने लिहून घ्यायला विचारत होत्या. नुसतं 'हो' म्हणायचं होतं, मामांसारखं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल मामा इथे येऊन बसले होते. दुकान बंद करायचं तर कुठे कुठे कळवावं लागतं, ते विचारत होते. तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुझ्या भावाला सांग, रोज न्यायला यायची—"

"माझा भाऊ सातवीत आहे," ती म्हणाली.

१९ तारीख, बुधवार

तो भाऊ नाही. पुढच्या वर्षी लग्न आहे.

२० तारीख, गुरुवार

दुकानात गेलो नाही. उठलोच नाही. मामी दोनदा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा ताट घेऊन आली. "रुसायचं तर जेवून रूस. उपाशीपोटी रुसणारा लवकर दमतो."

दुपारी मामा आला, पलंगाच्या कडेला बसला. मी वाट बघत होतो, आता बोलेल. बोल म्हणावं. दोन शिव्या घाल, हाकलून दे, म्हणजे मलाही काहीतरी बोलता येईल. हा माणूस माझ्या चादरीची सुरकुती सरळ करत बसला.

शेवटी मीच म्हणालो, "तुला माहीत होतं ना, हॉस्पिटलला बादल्या नकोत ते? मग हो कशाला म्हणालास?"

"तू आलास तेव्हा महिनाभर धड बोलत नव्हतास," मामा म्हणाला. "तुझी आई रोज फोन करायची, जेवला का, बोलला का. मग एक दिवस तू त्या डब्याबद्दल बोलायला लागलास, आणि थांबेचनास. म्हटलं, होऊ दे एक कंटेनर."

असा व्यापार करतात? भाचा बोलायला लागला म्हणून कंटेनर मागवतात? या माणसाला दुकानात बसवलं कुणी? इतका संताप आला की मला भिंतीकडे तोंड करावं लागलं. मामा बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता आणि मी संतापानेच थरथरत होतो, दुसरं काही नाही.

२१ तारीख, शुक्रवार

कुणाला न सांगता कस्टमच्या ऑफिसात गेलो. बाई फायलींच्या ढिगामागे होत्या. बसा म्हणाल्या. मी बसलो नाही.

"तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत."

"मी विचारलं. तुम्ही बोललात. थांबवायला गेले असते तर तुम्ही थांबला असतात?"

मी आणखी चिडलो. "मॉप आत आहेत, हॉस्पिटल बाहेर आहे, आणि मध्ये तुमचं दरपुस्तक आडवं पडलंय. माल जसा समोर येतो तसा बघता ना तुम्ही? मग फोडून टाकू सगळे डबे तुमच्यासमोर? बादल्या एकीकडे, मॉप एकीकडे?"

हे मी टोमणा म्हणून बोललो होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सगळे?"

"सगळे," मी म्हणालो. आता माघार कशी घेणार.

"माल अजून तुम्ही सोडवलेला नाही. तो आधी कस्टमच्या कुलपातल्या गोदामात हलवायचा. अर्ज करायचा, आमच्या माणसासमोर फोडायचा, वेगवेगळा भरायचा. मग मॉप मॉपच्या जागी, बादल्या बादल्यांच्या. मॉप आधी सोडवा, बादल्या राहू द्या कुलपात, जमेल तेव्हा न्या." चष्मा लावला. "तुमच्या एजंटला सांगा. आणि अर्ज त्या मुलीला लिहू दे. तुम्ही लिहू नका."

हेच आधी सांगता आलं नसतं का? मी विचारलंही. बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही एकही वाक्य प्रश्नासारखं बोलला नाहीत."

उद्धट बाई आहे. बाहेर पडताना धन्यवाद म्हणायचं राहिलं. मग परत जाऊन म्हणालो, पण तेव्हा त्या फोनवर होत्या.

२६ तारीख, बुधवार

सकाळपासून डबे फोडले. मी, मामा, डोक्याला फडकं बांधलेली मामी, आणि कस्टमचा एक माणूस खुर्चीवर बसून जांभया देत. दुपारी ती आली, अर्जाच्या कामाने. बरोबर तो उंच. त्याने न विचारता बाह्या वर केल्या, खिशातून कटर काढलं आणि माझ्या शेजारी बसला. वर मला म्हणतो, "पाठ धरेल, मध्ये मध्ये उभे राहत जा." माणूस वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं.

डब्याची झाकणं खरंच छान उघडतात. चित्रावर टाच देऊन दाबलं की डबा सपाट होतो. दांडे एका खोक्यात, झुपके दुसऱ्या खोक्यात, जसे काही भांडलेत एकमेकांशी. बादल्या एकात एक घालून आतल्या खोलीत गेल्या, आणि त्या माणसाने दाराला सील लावलं. फिकट पोपटी पुठ्ठ्यांचा ढीग मामीच्या खांद्यापर्यंत आला.

तिने त्यातला एक पुठ्ठा उचलला. आज स्वेटर तोच होता. पुठ्ठा उजेडात धरून म्हणाली, "रंग मात्र गोड आहे हं. कुणी निवडला?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. मग तिच्या स्वेटरकडे. मग एकदम त्याला सुतळीची गाठ मारायची आठवण झाली.

"कारखान्याकडे हाच शिल्लक होता," मी म्हणालो.

संध्याकाळी मॉपचा टेम्पो हॉस्पिटलकडे निघाला. मामा ड्रायव्हरशेजारी बसला, मांडीवर एक झुपका, नमुना म्हणून. आम्ही निघणार तोच गोदामवाला आडवा आला. जमीन होती तशी पुसून द्या, म्हणाला, नाहीतर कुलूप लावणार नाही. सगळा दिवस आमचा धुरळा, तेव्हा त्यालाही काय बोलणार. कोपऱ्यात एक मॉप होता, आमच्याच दुकानातला निघाला. बादल्या सीलच्या आत. गोदामवाल्याने पोचे आलेली पत्र्याची बादली पुढे सरकवली.

मी पुसायला घेतलं. बुडवायचं, वाकायचं, दोन्ही हातांनी पिळायचं. पाणी गार. कोपरापर्यंत ओघळ. ती दारात उभी राहून बघत होती, हेल्मेट काखेत.

"चालते की नाही, साधी बादली?" ती म्हणाली.

"चालते," मी म्हणालो.

माझी हिच्यापेक्षा शंभर पटीने चांगली आहे. पण ते मी बोललो नाही.